मूत्राशयाचा कर्करोग आणि रामन यांचा प्रकाश

मूत्राशयाचा कर्करोग सहसा एका झपाट्यात प्राण घेत नाही. तो रोग्याला पुनःपुन्हा रुग्णालयात बोलावून घेतो. निदान होते त्या वेळी दर चार रोग्यांपैकी सुमारे तिघांच्या बाबतीत हा रोग मूत्राशयाच्या आतील अस्तराच्या आसपासच असतो, स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. अशी गाठ मूत्रमार्गातून उपकरण घालून खरवडून काढता येते. पोटावर चिरा द्यावा लागत नाही आणि रोगी थोड्याच दिवसांत घरी परततो. परंतु सुटका झाली असे त्याला म्हणता येत नाही, कारण जवळजवळ निम्म्या किंवा त्याहूनही अधिक रोग्यांमध्ये काही महिन्यांनी वा वर्षांनी त्याच मूत्राशयात दुसऱ्या एखाद्या जागी गाठ उगवते. म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. रोग जोखमीच्या प्रकारचा असेल तर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढील तीन वर्षे दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा मूत्राशयात नळी घालून आत पाहावे, असा प्रघात आहे. पहिल्या पाच वर्षांत अशा चौदा तपासण्या होतात. दर खेपेची रजा, प्रवास, खर्च, वेदना आणि निकाल कळेपर्यंतची धाकधूक यांचा हिशेब केला, म्हणजे प्रति रोगी खर्चाच्या दृष्टीने हा रोग सर्वांत महागड्या कर्करोगांत का गणला जातो, याचा उलगडा होतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात या रोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रोगी आढळले आणि सुमारे २ लाख २० हजार माणसे त्याने दगावली. स्त्रियांपेक्षा पुरुषांत त्याचे प्रमाण तिपटीचौपटीने जास्त आहे. इतक्या माणसांच्या आयुष्याशी निगडित असलेला एक प्रश्न गेली काही दशके शास्त्रज्ञांपुढे आहे. मूत्राशयात नुसते पाहण्याऐवजी, तेथील ऊतकावर पडून परत आलेल्या प्रकाशाचा वर्णपट काढून ‘हा कर्करोग आहे की नाही’ हे जागच्या जागी सांगता येईल काय? या प्रश्नात भारतीय वाचकाला वाटणारा जिव्हाळा निराळा आहे, कारण त्यातील सर्वांत आशादायक मानली गेलेली पद्धत ‘रामन परिणामा’वर आधारलेली आहे. हा जिव्हाळा स्वाभाविक असला तरी त्याने विचाराला झाकोळून टाकू नये, हेही तितकेच खरे.

रंगाच्या कारखान्यापासून

या रोगाचा इतिहास औद्योगिक युगाच्या इतिहासात गुंतलेला आहे. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन नावाचा रंग तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे जाहीर केले. कामगार होते पंचेचाळीस आणि रोगी तीन. आकडा लहान, पण अशा दुर्मिळ रोगाच्या मानाने तो भयंकरच होता. दोष ॲनिलिनचा असावा असा त्यांचा तर्क होता. पुढे १९३८ साली हूपर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी आणि १९५४ साली रॉबर्ट केस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश रासायनिक कारखान्यांतील कामगारांच्या पाहणीने खरे अपराधी उघडकीस आणले. बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडीन ही त्यांची नावे. रेन यांच्या इशाऱ्यापासून पुराव्याची साखळी पुरी होईपर्यंत जवळजवळ साठ वर्षे लोटली आणि त्या साठ वर्षांत कारखाने चालूच होते.

याच जातीची रसायने तंबाखूच्या धुरात असतात. ती फुफ्फुसांतून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडांत आणि तेथून मूत्रात उतरतात. मूत्राशय ही शरीराची साठवणीची टाकी असल्याने तिच्या अस्तराला या द्रावाचा स्पर्श तासन्‌तास होत राहतो. धूम्रपान करणाऱ्याला हा रोग होण्याचा धोका न करणाऱ्याच्या तिप्पट-चौपट असतो आणि एकूण रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या रोगाचे खापर तंबाखूवरच फोडावे लागते. सिगारेटच्या संबंधात फुफ्फुसाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मूत्राशयाचे फारच थोड्यांना असते.

तिसरे कारण नाईल नदीच्या खोऱ्यातले. तेथील शिस्टोसोमा जातीचा कृमी पाण्यातील गोगलगायींमार्फत माणसाच्या शरीरात शिरतो, मूत्राशयाच्या भिंतीत ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षांच्या दाहातून वेगळ्याच प्रकारचा कर्करोग उत्पन्न करतो. हा कृमी भारतात नाही असेच मानले जात होते. तथापि रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी त्याचे रोगी आढळल्याचे गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले आणि कोकणातील त्या लहानशा गावाचे नाव जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. सुदैवाने तो प्रादुर्भाव तेवढ्यावरच राहिला.

मेणबत्तीपासून निळ्या प्रकाशापर्यंत

मूत्राशयात डोकावून पाहण्याची माणसाची धडपड दोनशे वर्षांची आहे. योगायोग असा, की तिचा आरंभही फ्रँकफर्टलाच झाला. १८०६ साली तेथील वैद्य फिलिप बोझिनी यांनी मेणबत्तीचा प्रकाश आरशाने नळीत सोडणारे एक उपकरण तयार केले. त्याचा उपयोग फारसा झाला नाही. पण प्रकाश बाहेरून आत न्यायचा आणि दृश्य आतून बाहेर आणायचे ही कल्पना त्यात होती. १८७७ साली ड्रेस्डेन येथे मॅक्स निट्झे यांनी दिवाच नळीच्या टोकाशी नेऊन बसविला. तो दिवा म्हणजे विजेने लालबुंद होणारी प्लॅटिनमची तार होती आणि रोगी भाजू नये म्हणून तिच्याभोवती पाणी खेळवावे लागे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या दंडांची भिंगे बनवून दृश्य स्वच्छ केले, प्रकाशतंतू आले, कॅमेरे आले. मात्र पद्धत तीच राहिली. पांढरा प्रकाश पाडायचा आणि वैद्याच्या डोळ्यावर विसंबायचे.

डोळ्याची मर्यादा येथेच उघडी पडते. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी फुललेली गाठ नवशिक्यालाही दिसते. परंतु ‘इन सिटू’ म्हणजे अस्तरातच सपाट पसरलेला कर्करोग हा दिसण्यात एखाद्या लालसर मखमली डागासारखा असतो आणि पुष्कळदा तेवढाही नसतो. स्नायूत शिरण्याची प्रवृत्ती मात्र या सपाट रोगातच अधिक. उलट जंतुसंसर्गाने किंवा उपचाराने लाल झालेली निरुपद्रवी जागाही अगदी तशीच दिसू शकते. मूत्रातून गळून आलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी पद्धत उग्र जातीचा रोग बऱ्यापैकी ओळखते. सौम्य जातीच्या गाठी मात्र तिच्या हातून वारंवार निसटतात, कारण त्यांच्या पेशी निरोगी पेशींहून फारशा निराळ्या नसतात. राहिली बायॉप्सी. तुकडा काढून विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवायचा आणि थांबायचे. तिचा निर्णय अखेरचा मानतात. पण तुकडा कोठून काढायचा हे ठरवायला पुन्हा तोच डोळा.

प्रकाशाचा पहिला नवा उपयोग या अडचणीतून जन्मला. एक विशिष्ट औषध तपासणीच्या आधी सुमारे तासभर मूत्राशयात भरून ठेवले, तर कर्करोगाच्या पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचे द्रव्य बनवून साठवितात. त्यावर निळा प्रकाश पाडला की त्या पेशी तांबड्या रंगाने उजळतात. शास्त्रात यास अनुस्फुरण म्हणतात. १९९०च्या दशकात म्युनिकमध्ये या पद्धतीची पायाभरणी झाली आणि पुढील दशकात ती युरोपात व नंतर अमेरिकेत रीतसर मान्यता पावली. जे डाग पांढऱ्या प्रकाशात नजरेतून सुटत होते ते निळ्या प्रकाशात सापडू लागले, याविषयी वाद नाही. वाद पुढे सुरू होतो. ब्रिटनमधील २२ रुग्णालयांत रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून तीन वर्षे पाहणी करण्यात आली. एका गटाची शस्त्रक्रिया नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात झाली, दुसऱ्याची निळ्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा, की रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. त्यापूर्वीच्या काही पाहण्यांत निळ्या प्रकाशाचा फायदा दिसला होता, म्हणून प्रश्न कायमचा निकालात निघाला असे नाही. परंतु अधिक दिसणे म्हणजे अधिक बरे होणे नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. नवे यंत्र विकत घेण्यास निघालेल्या प्रत्येक रुग्णालयाने हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

हिशेबखात्यातील शास्त्रज्ञ

रामन परिणामाची गोष्ट शाळाशाळांतून दर २८ फेब्रुवारीला सांगितली जाते. तिच्यातील एक तपशील मात्र बहुधा गाळला जातो. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली सरकारच्या वित्तखात्यात अधिकारी म्हणून लागले आणि दहा वर्षे त्यांनी हिशेबतपासणीची नोकरी केली. त्या नोकरीत रंगून झाले, नागपूर झाले; कलकत्त्यात असत तेव्हा कचेरीच्या आधी आणि नंतर ते इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत जाऊन बसत. १९१७ साली पगारावर पाणी सोडून ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी ज्या परिणामाचा शोध निश्चित केला, त्याबद्दल १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परिणाम थोडक्यात असा आहे. एकाच शुद्ध रंगाचा प्रकाश एखाद्या द्रवावर टाकला, तर विखुरलेला बहुतेक सर्व प्रकाश त्याच रंगाचा असतो. परंतु सुमारे एक कोटी प्रकाशकणांमागे एखादा कण रेणूशी देवघेव करतो. रेणूतील अणू एकसारखे थरथरत असतात. त्या थरथरीला तो कण आपली थोडी ऊर्जा देऊन टाकतो आणि स्वतः किंचित तांबडा होऊन बाहेर पडतो. किती ऊर्जा दिली हे त्या रेणूच्या घडणीवर अवलंबून असते. म्हणून बाहेर आलेल्या प्रकाशाचा वर्णपट काढला की त्यात प्रत्येक रेणूची जणू सही उमटते. प्रथिनांची निराळी, स्निग्ध पदार्थांची निराळी, पेशीच्या केंद्रातील डीएनएची निराळी. कसलाही रंग टोचावा लागत नाही, औषध भरावे लागत नाही, तुकडा कापावा लागत नाही.

एक कोटीत एक, हीच या पद्धतीची शक्ती आणि हीच तिची अडचण. रामन यांच्या काळी पाऱ्याच्या दिव्याने एकेक वर्णपट छायाचित्रपट्टीवर उतरवायला तासन्‌तास लागत. १९६० साली लेसर आला, पुढे अतिसंवेदनशील शोधक आले, तेव्हा हे काम सेकंदांवर आले. तरीही सजीव ऊतकात नवा अडथळा होता. ऊतके स्वतःच अनुस्फुरणाने उजळतात आणि त्या उजेडात रामन यांचा क्षीण संकेत भर दुपारच्या चांदणीसारखा लुप्त होतो. यावर तोड म्हणून ७८५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा अवरक्ताच्या सीमेवरचा लेसर वापरू लागले. त्याने ही झळाळी पुष्कळ कमी होते. आणखी एक गंमत अशी, की प्रकाश नेणारा काचतंतू स्वतःच रामन संकेत देतो. म्हणजे साक्षीदाराला न्यायालयात घेऊन जाणारा शिपाईच मध्ये बोलू लागतो. त्याला गप्प बसविण्यासाठी तंतूच्या टोकाशी सूक्ष्म गाळण्या बसवाव्या लागतात आणि हे सर्व काही मिलिमीटर जाडीच्या शलाकेत मावावे लागते, कारण तिला सिस्टोस्कोपच्या अरुंद वाटेतून जायचे असते.

यंत्राचा कौल

२००४ च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे आणि त्यानंतर हॉलंडमधील रॉटरडॅम येथे शस्त्रक्रियेत काढलेल्या मूत्राशयाच्या तुकड्यांवर हे प्रयोग झाले. निरोगी अस्तरापेक्षा गाठीच्या वर्णपटात डीएनएचा वाटा वाढलेला दिसतो आणि अस्तराखालील कोलॅजन या आधारतंतूचा वाटा घटलेला दिसतो. पेशी भराभर विभागत आहेत आणि त्यांची दाटी वाढली आहे, याचीच ती रासायनिक खूण. हा फरक एकाच रेषेवर बोट ठेवून दाखविता येत नाही. शेकडो बिंदूंची उंची एकत्र तोलून गणक त्याचा निवाडा करतो आणि हा निवाडा कसा करावा हे त्याला बायॉप्सीचे उत्तर ठाऊक असलेल्या जुन्या नमुन्यांवरून शिकवावे लागते. यंत्राचे शहाणपण शेवटी विकृतिशास्त्रज्ञाकडून उसने घेतलेले आहे.

जिवंत माणसाच्या मूत्राशयात ही शलाका नेण्याचे काम हॉलंडमधील उट्रेक्ट येथील वैद्यांनी केले आणि २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शलाका संशयित जागेला टेकवायची, काही सेकंद वर्णपट घ्यायचा, मग त्याच जागेचा तुकडा काढून बायॉप्सीशी ताडून पाहायचे, अशी त्यांची रीत होती. कर्करोग असलेल्या जागांपैकी ८५ टक्के यंत्राने ओळखल्या. कर्करोग नसलेल्या जागांपैकी ७९ टक्के जागांना त्याने निर्दोष ठरविले.

वर्तमानपत्रांतून असे आकडे छापून येतात तेव्हा ते उत्तम वाटतात. त्यांचा अर्थ लावून पाहिला पाहिजे. समजा, निरनिराळ्या रोग्यांच्या मूत्राशयांतील एक हजार जागा या यंत्राने तपासल्या आणि त्यांपैकी शंभर जागी खरोखर कर्करोग आहे. यंत्र पंच्याऐंशी जागा पकडील आणि पंधरा सोडून देईल. उरलेल्या नऊशे निरोगी जागांपैकी २१ टक्के, म्हणजे १८९ जागांवर ते विनाकारण बोट ठेवील. एकूण २७४ वेळा यंत्र ‘कर्करोग’ म्हणेल आणि त्यांतील फक्त ८५ वेळा ते खरे असेल. म्हणजे तीन वेळा ओरडले तर जेमतेम एकदा खरे. पण हजार जागांमध्ये पाचशे जागी कर्करोग असेल, तर याच यंत्राचे ‘होय’ पाचांत चार वेळा खरे ठरते. यंत्र तेच, टक्के तेच. फरक पडला तो कोणत्या जागा त्याच्यापुढे ठेवल्या याचा. शंभर-हजारांचे हे गणित शाळेच्या फळ्यावर मांडता येण्याजोगे आहे आणि ते वर्गात मांडले गेले, तर केवळ याच रोगाच्या नव्हे, कोणत्याही तपासणीच्या जाहिरातीकडे पाहण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना येईल.

दुसरे गणित वेळेचे. ३०० मिलिलिटर द्रवाने फुगलेले मूत्राशय गोल मानले तर त्याच्या आतील पृष्ठभाग सुमारे २१६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे २१,६०० चौरस मिलिमीटर भरतो. शलाका एका वेळी एक चौरस मिलिमीटर पाहते आणि एकच सेकंद घेते असे उदारपणे धरले, तरी सगळे मूत्राशय धुंडाळायला सहा तास लागतील. रामन शलाका हा शोधदिवा नव्हे. ती पंच आहे. खेळाडू कोठे पडला हे तिला दुसऱ्याने दाखवावे लागते. म्हणूनच आता बहुतेक अभ्यासकांचा कल जोडीकडे आहे. निळ्या प्रकाशाने किंवा तशाच एखाद्या विस्तृत दृष्टीच्या पद्धतीने संशयित जागा हेरायच्या आणि त्या खऱ्या की खोट्या हे रामनच्या शलाकेने पारखायचे. निळ्या प्रकाशाचा मोठा दोष हा, की तो सुजलेल्या निरोगी जागाही तांबड्या दाखवितो. विशेषतः बीसीजी दिल्यानंतर हे फार घडते. क्षयाविरुद्ध तान्ह्या बाळांना टोचली जाणारी हीच बीसीजी लस मूत्राशयात भरून कर्करोगावर इलाज करता येतो, हे कॅनडाचे डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली दाखवून दिले आणि आजही या रोगावर तिचा आधार मोठा आहे. या उपचारानंतर लाल झालेल्या अस्तरात रोग उलटला आहे की औषधाचाच दाह आहे, हा वैद्यापुढचा नित्याचा पेच. रामन पद्धतीची खरी कसोटी याच जागी लागेल.

आणखीही एक अडचण आहे. मूत्राशयाचे अस्तर म्हणजे पेशींचे मोजके थर. साधी शलाका त्याच्याही खालच्या ऊतकाचा संकेत गोळा करते आणि पृष्ठभागावरचा पातळ सपाट रोग त्या गोंधळात बुडून जातो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत ईशान बर्मन आणि सहकाऱ्यांनी ठरावीक खोलीचाच प्रकाश टिपणारी रचना वापरून चुकीचे ‘होय’ कमी करता येते असे २०१२ साली दाखविले. दुसरीकडे, शरीरात न शिरता मूत्रातील पेशींचेच रामन वर्णपट घेण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ते यशस्वी झाले तर चौदा तपासण्यांतील काही तरी टळतील. रोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे फळ तेच असेल. परंतु या सर्व प्रयोगांतील रोग्यांची संख्या थोडी, एका प्रयोगशाळेचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी तंतोतंत जुळत नाही आणि एका ठिकाणी शिकलेला गणक दुसऱ्या ठिकाणी गांगरतो. निळ्या प्रकाशाची जशी शेकडो रोग्यांवर, अनेक रुग्णालयांत, वर्षानुवर्षे परीक्षा झाली, तशी रामन पद्धतीची या रोगाच्या बाबतीत व्हायची आहे. प्रयोगशाळेतून रुग्णालयाच्या खाटेपर्यंतचा हा पल्ला शोधाइतकाच कष्टाचा असतो आणि त्याला शोधाइतकी कीर्ती मिळत नाही.

येथील काम

रामन यांच्या देशात या दिशेने काही होत नाही, असे म्हणता येणार नाही. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत डॉ. मुरली कृष्ण यांच्या प्रयोगशाळेने याच ७८५ नॅनोमीटरच्या लेसरने रोग्यांच्या तोंडातील वर्णपट घेऊन मुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला आहे. तंबाखू खाणाऱ्यांच्या वरकरणी निरोगी दिसणाऱ्या गालाच्या अस्तरातही बदल टिपता येतात काय, इथपर्यंत हा शोध गेला. तंबाखू-सुपारीच्या या देशात संशोधकांनी मूत्राशयाआधी मुखाकडे वळावे हे योग्यच झाले. तोंड उघडून दाखविता येते, शलाका सहज टेकविता येते आणि रोग्यांची संख्या, दुर्दैवाने, कमी नाही. अशा कामाला केवळ विज्ञान दिनाच्या भाषणांतून गौरव नको. शलाका आणि गाळण्या येथेच बनविण्यासाठी पैसा हवा आणि अनेक रुग्णालयांत एकसारख्या रीतीने चाचणी घेण्याची व्यवस्था हवी. परदेशी बनावटीचे महाग यंत्र एखाद्या मोठ्या शहरातील एखाद्या रुग्णालयात बसविले आणि त्याचे छायाचित्र छापून आले, तर त्याचा लाभ तालुक्याच्या गावातील रोग्याला होत नाही.

तेथील रोग्याची गरज वेगळी आणि बरीच साधी आहे. या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुतेकांच्या बाबतीत एकच असते. मूत्रातून रक्त जाते आणि दुखत काहीच नाही. दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. एकदा लाल झाले, दोन दिवसांनी आपोआप थांबले, ‘उष्णता झाली असेल’ म्हणून विषय मिटला. पुन्हा सहा महिन्यांनी तेच. स्त्रियांच्या बाबतीत ही दिरंगाई अधिक होते, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. रक्त दिसले की ते पाळीचे किंवा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे समजले जाते, औषधांच्या एकामागून एक फेऱ्या होतात आणि नळी घालून आत पाहण्याची वेळ येते तेव्हा रोग स्नायूत उतरलेला असतो. मूत्रातून रक्त जाण्याचे प्रत्येक कारण कर्करोग नसते. मुतखडा असेल, संसर्ग असेल, पुरुषांत प्रोस्टेटची वाढ असेल. डोळ्यांनी दिसण्याइतके रक्त जाणाऱ्या दर पाच ते दहा जणांपैकी सुमारे एकाला मूत्रमार्गातील कर्करोग निघतो आणि तो कोण हे तपासल्यावाचून कळत नाही. त्या तपासणीस रामन यांचा लेसर लागत नाही. मूत्राची साधी चाचणी, सोनोग्राफी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक सिस्टोस्कोप व तो वापरता येणारा शल्यचिकित्सक पुरतो. ज्याने चाळीस वर्षे विडी ओढली, ज्याचे आयुष्य रंगाच्या किंवा रबराच्या कारखान्यात गेले, त्याला असे रक्त एकदाच जरी दिसले, तरी ते थांबले म्हणून तपासणी पुढे ढकलायची नसते.